घरात समुद्र आणणारे गॉस

मुळशी धरणाच्या काठी वाढलेल्या मुलाला पाण्याचे अप्रूप नसते. पण ताम्हिणी घाट उतरून हरिहरेश्वरला गेलो आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा मी खुळावलोच. खडकातल्या डबक्यातून एक समुद्रफूल बरणीत घालून घरी आणले. तिसऱ्या दिवशी ते मेले. घरभर घाण सुटली; आजीने बरणीसकट मला अंगणात काढले. ते का मेले, हे कॉलेजच्या ग्रंथालयात शोधताना मला फिलिप हेन्री गॉस भेटले.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील गावोगाव हिंडून लोकांच्या लहान तसबिरी रंगवीत. घरची गरिबी. पंधराव्या वर्षी पूल या बंदरात एका पेढीवर कारकुनी पत्करावी लागली. १८२७ मध्ये पेढीच्या कामासाठी ते न्यूफाउंडलंडला गेले. तेथे दिवसा खतावण्या आणि उरल्या वेळात किडे, फुलपाखरे! पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. १८३८ मध्ये अलाबामात मास्तरकी केली. गुलामांचे हाल पाहून मन विटले व पुढच्याच वर्षी मायदेशी परतले. कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला; तेव्हा हे वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

१८४९ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत पुत्रजन्माबरोबरच जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीचीही नोंद आहे. असे हे गृहस्थ!

१८५२ मध्ये प्रकृतीसाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. समुद्राचे प्राणी घरी जगविण्याचा प्रयत्न त्यांच्या आधीही झाला होता. १८४६ पासून लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी पोवळ्याचे जीव पाळले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत बसे. गॉस यांनी हे काम हिरव्या शेवाळावर सोपविले. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्यावर प्राणी जगतात. माझ्या बरणीत नेमके हेच नव्हते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी १८५४ मध्ये त्यांनी कृत्रिम समुद्रजल तयार केले. साडेचार लिटर पाण्याला सुमारे १०० ग्रॅम साधे मीठ, शिवाय मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार. त्यात आधी शेवाळ लावून मगच प्राणी सोडले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलेल्या मत्स्यालयासाठी त्यांनी प्राणी पुरविले. पुढच्या वर्षी त्यांचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघर पोहोचला. दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या आल्या. हौशी मंडळी हातोड्या, छिन्न्या घेऊन डेव्हनला लोटली आणि गॉस यांनी रंगवून दाखविलेली डबकी त्यांनी ओरबाडून रिकामी केली. त्याचे कारण आपलीच पुस्तके आहेत, हे शल्य त्यांना फार बोचले, असे मुलाने १९०७ मध्ये लिहिले आहे.

१८५७ मध्ये पत्नी एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी विज्ञान व बायबल यांचा मेळ घालणारा त्यांचा ग्रंथ आला. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धार्मिकांना. तरीही समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी १८६० पर्यंत पुरा केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी ते वारले.

माझी बरणी फडताळात धुऊन ठेवली आहे. मिठाचे पाणी करणे जमेल असे वाटते. पण हरिहरेश्वरच्या त्या डबक्यात पुन्हा हात घालायला मन होत नाही.