सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईने हजारो एकर जमीन बिल्डरांच्या हाती जाऊ दिली नाही

निळा कोट घातलेला पीटर रॅबिट आठवतोय? त्याची गोष्ट लिहिणारी बीट्रिक्स पॉटर पुढे पक्की शेतकरीण झाली.

तिचा जन्म १८६६ चा, लंडनच्या श्रीमंत घरातला. १९०२ मध्ये पीटरचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. १९०५ मध्ये रॉयल्टी आणि वारशाच्या पैशांतून तिने लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात हिल टॉप नावाचं शेत घेतलं. जमिनींचे तुकडे पडून तिथे बंगले उठले, तर मेंढपाळांनी मेंढ्या चारायच्या कुठे, ही तिची काळजी होती.

१९३० मध्ये मंक कॉनिस्टन इस्टेट विक्रीला होती. नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे लगेच एवढे पैसे नव्हते. मग बीट्रिक्सने पूर्ण इस्टेट घेतली, जवळपास निम्मी घेतल्या भावात ट्रस्टला दिली आणि त्या भागाचा कारभारही काही वर्षं पाहिला.

१९४३ मध्ये ती गेली. ४ हजार एकरांहून जास्त जमीन ट्रस्टसाठी ठेवून गेली. अट एकच नव्हती, पण एक महत्त्वाची होती: डोंगरावरच्या शेतांत हर्डविक जातीच्याच मेंढ्या राहतील. नुसती जमीन राखून भागत नाही, तिच्यावर जगणारेही टिकावे लागतात, हे तिला कळलं होतं.