गजानन माधव मुक्तिबोध : निदानापर्यंतचा प्रवास

हिंदी नवकवितेचे अग्रणी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांना फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्या वेळी ते रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील राजनांदगाव येथे दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापन करीत होते. त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते.

मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे मराठी कुटुंबात झाला. वडील पोलीस खात्यात होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी झाले. गजानन यांनी मात्र हिंदीतून लेखन केले. १९४३ च्या ‘तारसप्तक’ या संग्रहात त्यांच्या कविता समाविष्ट झाल्या. शिक्षकी, पत्रकारिता आणि नागपूर आकाशवाणीतील नोकरी करूनही आर्थिक ओढाताण संपली नाही. १९५८ मध्ये राजनांदगाव येथे आल्यावर काहीसे स्थैर्य लाभले. परंतु १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर बंदी घातली.

आजारपणाचा संबंध अनेकांनी या मानसिक आघाताशी जोडला. तसे वाटणे स्वाभाविक होते. मूळ कारण मात्र वेगळेच निघाले. मार्चमध्ये त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलविण्यात आले. पक्षाघातामागील आजार मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, अर्थात क्षयजन्य मेंदूज्वर, असल्याचे निदान झाले.

हा रोग सुरुवातीला सहसा ओळखू येत नाही. काही दिवस वा आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, थकवा एवढेच जाणवते. पुढे मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन रक्तपुरवठा खंडित होतो आणि हातपाय लुळे पडतात. रुग्णाला हा नसांचा वा स्नायूंचा विकार वाटतो. मेंदूचे सीटी स्कॅन तेव्हा अस्तित्वात नव्हते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी हाच प्रमुख आधार होता आणि त्यातही क्षयाचे जंतू पुष्कळदा दिसत नसत. स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध होती. तथापि मेंदूला इजा होण्यापूर्वी ती सुरू होणे आवश्यक असते, आणि निदानाचे महत्त्व नेमके इथेच आहे.

प्रकृती खालावत गेल्याने साहित्यिकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे धाव घेतली. त्यानंतर मुक्तिबोध यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दाखल करण्यात आले. राजनांदगावहून भोपाळ व तेथून दिल्ली, असा हा शेकडो किलोमीटरचा प्रवास होता. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्येच सुरू झाले होते. आयुर्विज्ञान संस्था त्या शहरात यायला २०१२ साल उजाडले.

दिल्लीतील उपचारांना यश आले नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, शुद्धीवर न येताच, मुक्तिबोध यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.