पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकी

पुण्याहून सोलापुराकडे जाताना आगगाडीच्या वाटेवर केडगाव हे लहानसे स्टेशन लागते. एके काळी तेथे कोरडवाहू माळ होता. त्याच माळावर, ज्यांना जगात कोणी उरले नव्हते अशा शेकडो मुली अक्षरे गिरवू लागल्या. हे ज्यांनी घडवून आणले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या मुलामुलींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ मध्ये सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असताही त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती भाषा शिकविली. आणि आईने ती विद्या रमाबाईंस दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडी गेली, अखेर रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. इ. स. १८७४ मध्ये वडील वारले, त्यांच्या मागोमाग आई व काही काळाने थोरली बहीणही गेली. घरात विद्या पुष्कळ होती, परंतु हातांना पोट भरण्याजोगे कोणतेच काम शिकविलेले नव्हते. ही उणीव रमाबाईंच्या मनात खोल रुतून बसली.

भावासह पायी प्रवास करीत त्या इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार काळ टिकले नाही. इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, परंतु इ. स. १८८२ च्या आरंभी तेही निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर तयार करावेत असा आग्रह धरला. नंतर त्या विलायतेस गेल्या व इ. स. १८८३ मध्ये तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनी हिंदी विधवांसाठी साहाय्य मिळविले आणि ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांकरिता होते. काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा इ. स. १८९३ मध्ये गावात मोठा क्षोभ झाला. सल्लागार मंडळींनी संबंध सोडला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी शाळा बंद केली नाही.

इतक्यात इ. स. १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात मुली उपासमारीने मरत आहेत, कित्येक तर दुष्टांच्या हाती सापडत आहेत, हे कळताच बाई स्वतः तिकडे गेल्या. त्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना आपलेच जुने दिवस दिसले असतील. आता त्यांनी जात पाहिली नाही. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा काळ असल्यामुळे त्यांना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. केडगावास बाईंनी पूर्वी सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. तेथेच झोपड्या उभारून मुलींची व्यवस्था लावली. हेच पुढे मुक्तिसदन झाले. इ. स. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळपीडित मुली आल्यावर तेथील संख्या २००० च्या घरात गेली.

एवढ्या लेकींस नुसते अन्नवस्त्र देऊन बाई थांबल्या नाहीत. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुली येथे शिक्षिका झाल्या. लिहिणे, वाचणे व हिशेब यांच्या जोडीला मागावर कापड विणणे, शिवण, शेती, गुरांची निगा, तेलाचा घाणा, छापखान्यात खिळे जुळविणे ही कामेही शिकविली जात. अंध मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकवीत. आपल्या आईबापांच्या घरी जी उणीव होती, ती बाईंनी येथे भरून काढली.

अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून बाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर केले. इ. स. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ते दुःख सोसूनही बाईंनी हाती घेतलेले काम तडीस नेले आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. त्यांची संस्था केडगावी आजही उभी आहे.

घरात तंगी आली की पहिल्याने मुलीची शाळा बंद करावी, असे पुष्कळ पालकांस वाटते. बाईंचे चरित्र याच्या अगदी उलट सांगते. तंगीच्या दिवसांतच मुलीच्या हाती विद्या व कसब असण्याची खरी गरज असते. कारण दागिना विकला जातो, भांडे विकले जाते, पण शिकलेले अक्षर व कामाला सरावलेला हात कोणी विकत घेऊ शकत नाही. आणि मुलींनो, तुम्हांस जे मिळाले आहे, ते शेजारच्या एका तरी मुलीस द्या. केडगावच्या माळावर मुलींनीच मुलींस शिकविले, हे विसरू नका.