हॅरी नायक्विस्ट : शिट्टीमागचे गणित शोधणारा अभियंता

स्नेहसंमेलनात कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर आले की कर्कश शिट्टी वाजते आणि सारे सभागृह कानांवर हात ठेवते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये जातो. असे चक्र केव्हा शांत राहील आणि केव्हा बेफाम होईल, याचा पक्का नियम हॅरी नायक्विस्ट यांनी दिला.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ रोजी स्वीडनमधील निल्सबी या खेड्यात झाला. घरात आठ भावंडे. १९०७ साली, अठराव्या वर्षी, ते अमेरिकेत गेले. देश परका, भाषा परकी. तरीही नॉर्थ डकोटा विद्यापीठातून १९१४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पुढच्याच वर्षी एम.एस. आणि १९१७ मध्ये येल विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. त्याच वर्षी ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

त्या काळी दूरच्या फोनसाठी तारेच्या वाटेत जागोजागी अॅम्प्लिफायर बसवत. प्रत्येक टप्प्यावर आवाज थोडा बिघडे. १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅक यांना उपाय सुचला : बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. आवाज स्वच्छ झाला, पण काही वेळा अॅम्प्लिफायर स्वतःच 'गाऊ' लागे! चमत्कारिक गोष्ट अशी की, जो गायलाच हवा असे वाटे तो कधी शांत राही आणि त्याची वाढ कमी केली की गाऊ लागे. भल्याभल्यांना हे पटेना. १९३२ च्या निबंधात नायक्विस्ट यांनी कोडे सोडवले. चक्रातून फिरून येणाऱ्या लहरीची वाढ आणि फेज प्रत्येक वारंवारतेला मोजून कागदावर वक्र काढा. तो एका ठराविक बिंदूला वेढा घालतो की नाही, एवढेच पाहा. अॅम्प्लिफायरच्या आत डोकावायची गरज नाही. मला तर यातले हे मोजून ठरवणेच सर्वांत मोठे वाटते.

हा नियम आज तुमच्या संगणकातही आहे. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळ चौकोनी कॉइलची रांग दिसते, तो मल्टिफेज कन्व्हर्टर. तो १२ व्होल्टचे सुमारे १ व्होल्ट करतो. चार, सहा, आठ वाटा सेकंदाला लाखो वेळा पाळीपाळीने चालू-बंद होतात आणि प्रवाहाचे ओझे वाटून घेतात. प्रोसेसरची मागणी क्षणात बदलते, व्होल्टेज मात्र हलता कामा नये. म्हणून नियंत्रक ते सतत पाहून दुरुस्ती करतो. म्हणजे पुन्हा तेच चक्र! तपासणी करताना अभियंते फीडबॅकच्या वाटेत छोटा रोध घालतात, ट्रान्सफॉर्मरमधून बारीक लहर सोडतात, तिची वारंवारता वाढवत नेतात आणि रोधाच्या दोन्ही टोकांवरील लहरी ताडून पाहतात. वाढ नेमकी एकपट उरते तिथे फेज ४५ ते ६० अंश शिल्लक असली तर ठीक. ती शून्याकडे गेली की व्होल्टेज हेलकावे खाते. भार कमी असताना काही वाटा बंद ठेवल्या जातात, तेव्हा चक्रच बदलते; म्हणून तशा स्थितीतही वेगळे मोजावे लागते.

शिवाय असा कन्व्हर्टर सलग नव्हे, ठोक्याठोक्याने दुरुस्ती करतो. ठोक्यांच्या निम्म्या वारंवारतेपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवता येत नाही. ही मर्यादाही नायक्विस्ट यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे मूळ त्यांच्या १९२८ च्या तारयंत्रावरील निबंधात आहे.

त्यांच्या नावावर १३८ अमेरिकन पेटंटे होती. पण बेल प्रयोगशाळेत त्यांची ख्याती वेगळीच होती. सर्वाधिक पेटंटे मिळवणाऱ्यांत समान काय, हे शोधले तेव्हा दिसले की त्यांच्यातले अनेक जण दुपारचे जेवण नायक्विस्ट यांच्यासोबत घेत. ते उत्तरे देत नसत, चांगले प्रश्न विचारत.

१९५४ मध्ये ते निवृत्त झाले. १९६० मध्ये त्यांना रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे सन्मानपदक मिळाले. ४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सासमधील हार्लिंजन येथे त्यांचे निधन झाले.