ज्यांची रक्षा चकत्यांमध्ये मिसळली, ते एड हेड्रिक

डिस्क गोल्फच्या चकत्या जमवणाऱ्या काहींकडे एक वेगळीच चकती असते. तिच्या प्लास्टिकमध्ये चक्क माणसाची रक्षा मिसळलेली आहे! ही रक्षा 'स्टेडी' एड हेड्रिक यांची.

१९२४ साली कॅलिफोर्नियात जन्मलेले हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीत होते. त्यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर गोल कंगोरे काढले आणि भरकटणारी चकती हवेत स्थिर राहू लागली. १९६७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १९७५ मध्ये ओक ग्रोव्ह पार्कात डिस्क गोल्फचं मैदान उभं राहिलं, मग साखळ्यांची टोपलीही त्यांनीच आणली.

२००२ मध्ये ते गेले. त्यांच्याच इच्छेनुसार रक्षेच्या चकत्या बनल्या. काही आप्तमित्रांना मिळाल्या, काही संग्रहालयाच्या निधीसाठी विकल्या गेल्या. चकती नीट उडावी म्हणून आयुष्यभर धडपडलेला हा माणूस! पण ती चकती हाती आली, तर फेकायची की भिंतीवर लावायची?