पर्सी ज्युलियन: डोळ्यांच्या दोन औषधांशी जोडलेला रसायनशास्त्रज्ञ

डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आली असेल, तर नेत्रतज्ज्ञ बहुतेक वेळा स्टेरॉइडचे थेंब देतात आणि काही दिवसांत आराम पडतो. पण हेच थेंब तपासणीशिवाय दीर्घकाळ घातले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूवरचं एक जुनं औषध आणि स्वस्त स्टेरॉइड, या दोन्हींमागे एकाच माणसाचे कष्ट आहेत. तो म्हणजे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन.

आठवीपुढची वाट

ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी इथे झाला. त्यांच्या आजोबांनी गुलामी भोगली होती. वडील रेल्वेच्या टपाल सेवेत कारकून, आई शिक्षिका. त्या काळी तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे सरकारी शिक्षणाची सोय जवळपास नव्हती.

तरीही १९१६ मध्ये ते इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात दाखल झाले. दिवसा कॉलेजचे वर्ग आणि त्याच्या जोडीला राहून गेलेला हायस्कूलचा अभ्यास, असं करत १९२० मध्ये ते वर्गात पहिले आले. १९२३ मध्ये हार्वर्डमधून मास्टर्सची पदवी मिळाली, पण पीएचडीची वाट तिथे बंद झाली. ती त्यांनी १९३१ मध्ये व्हिएन्नात पूर्ण केली.

विषारी बी आणि काचबिंदू

पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची एक विषारी बी मिळते. तिच्यातल्या फायसोस्टिग्मिन या द्रव्याने डोळ्याची बाहुली आकसते, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट मोकळी होते आणि दाब उतरतो. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ते काचबिंदूवर वापरलं जात होतं.

हे द्रव्य प्रयोगशाळेत मुळापासून तयार करायचं काम ज्युलियन आणि व्हिएन्नाहून आलेले योझेफ पिक्ल यांनी डीपॉमध्ये हाती घेतलं. ऑक्सफर्डचे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सनही त्याच मागावर होते. रॉबिन्सन यांच्या गटाने बनवलेला पदार्थ योग्य नाही, असं ज्युलियन यांनी जाहीरपणे मांडलं. पस्तिशीतल्या एका संशोधकासाठी हा मोठा धोका होता, कारण चूक निघाली असती तर कारकीर्द तिथेच संपली असती. १९३५ मध्ये ज्युलियन बरोबर ठरले. तरीही वर्णामुळे त्यांना प्राध्यापकपद नाकारण्यात आलं.

सोयाबीन तेलाची टाकी

१९३६ मध्ये शिकागोच्या ग्लिडन कंपनीने त्यांना सोयाबीन संशोधनाचं प्रमुख केलं. एकदा तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा साका जमला. माल वाया गेला असं इतरांना वाटलं, पण ज्युलियन यांनी त्यातलं स्टिग्मास्टेरॉल ओळखलं. त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागलं.

१९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जाहीर केलं, की कॉर्टिसोनमुळे संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागतात. पण ते गुरांच्या पित्तापासून तीसहून अधिक टप्प्यांत बनायचं आणि फार महाग पडायचं. ज्युलियन यांनी सोयाबीनपासून कॉर्टिसोनच्या अगदी जवळचा पदार्थ बनवला. फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा होता. पुढे इतर कंपन्यांच्या संशोधकांनी हा अणू बुरशीच्या मदतीने जोडायची युक्ती शोधली आणि स्टेरॉइडच्या किमती खाली आल्या.

याच काळात ज्युलियन कुटुंबाने शिकागोजवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. १९५० मध्ये ते जाळण्याचा प्रयत्न झाला, १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकलं गेलं. ज्युलियन तिथून हलले नाहीत.

औषध हाताशी आलं, धोकाही आला

१९५० च्या सुमारास डोळ्यांसाठी कॉर्टिसोन वापरात आलं. युव्हेइटिससारख्या सुजेत ज्यांची दृष्टी जायची, त्यांना आधार मिळाला. पण काही वर्षांतच दिसून आलं, की काही रुग्णांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो बहुधा दुखत नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही. फार दिवस वापरल्यास मोतीबिंदूही होऊ शकतो.

जंतुसंसर्ग असेल तर धोका आणखी मोठा. स्टेरॉइड सूज दाबतं, पण शरीराची प्रतिकारशक्तीही दाबतं. शेतात उसाचं पातं किंवा काडी लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, किंवा हर्पिस विषाणूचा व्रण असेल, तर या थेंबांनी लाली कमी दिसते आणि जखम मात्र आत वाढत जाते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- डोळे आले म्हणून मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका. काही अँटिबायोटिक थेंबांतही स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं आहेत का ते पाहा.
- थेंब सुरू असेपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्याचा दाब तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते आधीच सांगा.
- बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, सूज उलटू शकते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.
- हात धुवा, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका, थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा.
- उरलेली बाटली पुढच्या वेळी किंवा दुसऱ्या कुणासाठी वापरू नका.
- थेंब चालू असताना दुखणं वाढलं किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

ज्युलियन १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आले. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचं निधन झालं. फायसोस्टिग्मिनची जागा आता इतर औषधांनी घेतली आहे, स्टेरॉइड मात्र आजही डोळे वाचवतं. ते स्वस्त आणि सहज मिळतं, म्हणूनच ते देण्याचा आणि थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडायला हवा.