दा. ध. कोसंबी : चार पानांत जनुकांचे अंतर मोजणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव निघाले की बहुतेकांना प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. काहींना त्यांनी तोललेली हजारो जुनी नाणी आठवतात. पण जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे आडनाव रोज घेतले जाते ते एका सूत्रामुळे.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या कामानिमित्त 1918 मध्ये लहानगा दामोदर अमेरिकेत गेला. पुढे हार्वर्डमधून 1929 मध्ये पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस आणि अलीगढ इथे शिकवल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि 1945 पर्यंत तिथेच होते.

प्रश्न काय होता?

आपल्या गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीत एक आईकडून आलेले असते, एक वडिलांकडून. बीजपेशी तयार होताना ही दोन गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलतात. दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणून संततीत किती वेळा ताटातूट झाली हे मोजून जनुकांमधले अंतर काढता येते. या अंतराचे एकक म्हणजे सेंटिमॉर्गन.

अडचण अशी, की दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीत काहीच दिसत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1919 मध्ये त्यासाठी सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्रपणे होते असे धरले होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होणे अवघड जाते.

दुसरे महायुद्ध चालू असताना कोसंबींनी ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात चारच पानांचा लेख लिहिला. अगदी जवळच्या जनुकांमध्ये हा अटकाव पूर्ण असतो आणि अंतर वाढेल तसा तो कमी होतो, असे त्यांनी सूत्रात बसवले. फरक किती पडतो? समजा, 100 पैकी 20 संततींत ताटातूट दिसली. हाल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे 25.5 सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने 21.2.

तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती. ती 1953 मध्ये उलगडली. कोसंबींच्या हाती होती फक्त संततीची मोजणी आणि गणित.

हे अंतर आणि डीएनएची अक्षरे

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड आहे आणि खाडीपलीकडे गावखडी. समोर दिसणारे हे गाव पूल नव्हता तेव्हा तरीमुळे लांब पडे. जनुकांच्या नकाशाचेही तसेच आहे. माणसात 1 सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी 10 लाख अक्षरे, पण ती केवळ सरासरी. काही भागांत अदलाबदल वारंवार होते, काहींत क्वचितच.

याचा संबंध डीएनएच्या मजकुराशी आहे. ए, टी, जी, सी ही त्याची चार अक्षरे. माणसाच्या जनुकसंचात जी आणि सी मिळून सरासरी सुमारे 41 टक्के भरतात, पण काही लांबलचक पट्ट्यांत हे प्रमाण बरेच कमी, तर काहींत 50 टक्क्यांच्या वर असते. असे पट्टे असतात हे 1970 च्या दशकात जोर्जिओ बेर्नार्दी यांच्या गटाने दाखवले. अदलाबदलीच्या वेळी डीएनएची दुरुस्ती होताना जी आणि सी या अक्षरांना किंचित झुकते माप मिळते. त्यामुळे जिथे अदलाबदल जास्त, तिथे पिढ्यान्‌पिढ्या ही अक्षरे वाढत जातात, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

पुढचे आयुष्य

1945 मध्ये कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने त्यांची ये-जा चाले. 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा मात्र गणितज्ञांनी मानला नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

बेर्नार्दींचे पट्टे त्यांना पाहायला मिळाले नाहीत. पण आजही भात, गहू किंवा ज्वारीचा जनुकीय नकाशा करायला बसलेल्या संशोधकासमोर संगणक सहसा दोन पर्याय ठेवतो : हाल्डेन की कोसंबी.